झाकणाखालचे दिवे

बर्फाच्या कारखान्यात तिला सगळे कॉम्प्युटरबाई म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. पंख्यापासून हजेरीच्या यंत्रापर्यंत जे काही बंद पडेल ते शेवटी तिच्याच गळ्यात येई, आणि कुरकुरत का होईना, ती ते चालू करून देई. तिला 'बये' म्हणणारा एकच माणूस होता, तो म्हणजे तिचा थोरला भाऊ. दादा त्याच कारखान्यात कॉम्प्रेसरवर होता, तिच्या कितीतरी आधीपासून. तिला या धंद्याची गोडी लागली तीही त्याच्याचमुळे. ती शाळेत असताना त्याने कुठूनतरी भंगारातला एक कॉम्प्युटर उचलून आणला आणि तिच्यापुढे आदळला. "बघ, जिवंत होतो का," म्हणाला. सुट्टीभर ती त्यालाच चिकटून बसली होती. तो जिवंत झाला, आणि तिचं पुढचं आयुष्य ठरून गेलं.

घर एकच होतं. दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि ही. हिचं लग्न दोनदा जमलं आणि दोनदा फिसकटलं, तिसऱ्यांदा हिनेच तो विषय बंद केला. वहिनीने कधी त्यावरून टोमणा मारला नाही. उलट नणंदेच्या डब्यात भाजी जास्त आणि दादाच्या डब्यात कमी, अशी दादाची कायमची तक्रार असे.

कारखान्यात बर्फाच्या लाद्या होत, आणि मागच्या बाजूला मोठमोठ्या थंड खोल्या होत्या, मासळी आणि फळं ठेवायच्या. गारवा येई तो अमोनियाच्या जोरावर. अमोनिया म्हणजे एरवी दुरूनच नाकात झोंबणारा वायू, पण तिथे वर्षानुवर्षं राबणाऱ्यांची नाकं मेली होती. थोडा वास कायमच असे, त्यामुळे जास्त कधी झाला हे कळायला उशीर होई. म्हणून प्रत्येक खोलीत वायू मोजणारं यंत्र बसवलं होतं, आणि त्याचा आकडा कंट्रोल रूममधल्या पडद्यावर दिसे, धोका नसला तर हिरवा. बंद खोलीचं दार उघडण्याआधी तो आकडा बघायचा, असा दंडक होता.

गोम होती ती पडद्यामागच्या कॉम्प्युटरमध्ये. तो जुना झाला होता. अधूनमधून त्याची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ज्याच्या जिवावर बाकी सगळं चालतं ते मूळच, धाडकन कोसळे. तेव्हा पडदा काळा पडला असता तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण तसं होत नसे. शेवटचं चित्र जसंच्या तसं राही. तोच आकडा, तीच वेळ. माणूस गेलेला असावा आणि डोळे मात्र उघडे, तसा तो प्रकार होता.

एकदा असंच झालं आणि अर्धी पाळी लोक मेलेल्या पडद्याकडे बघून काम करत राहिले. त्या वेळी काही बिघडलं नाही. पण तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिने बसून एक तोडगा काढला. सिस्टिम कोसळली तरी अगदी शेवटच्या श्वासात ती दोन गोष्टी करू शकते, कीबोर्डवरचे तीन बारके दिवे उघडझाप करू शकते आणि कॉम्प्युटरच्या डब्यातल्या भोंग्यातून पीप वाजवू शकते. तिने तेवढंच साधलं. शिवाय दुखणं काय आहे तेही त्या उघडझापेत घातलं. लांब, आखूड, आखूड असं आलं की मेमरीचा घोटाळा. दोन लांब आले की डिस्क गेली. म्हणजे ती घरी असली तरी फोनवर विचारून घेता येई.

दादाला हे भारी आवडलं. तो फोन करून गंभीर आवाजात सांगे, "बये, तुझ्या म्हाताऱ्याला पुन्हा उचक्या लागल्यात. लांब, आखूड, आखूड." मग ती सांगे तसं तो यंत्र बंद करून पुन्हा चालू करी. शाळेत गणिताशी त्याचा उभा दावा होता, पण ही भाषा त्याला लगेच आली. मुलीलाही त्याने शिकवली. जेवताना ताटावर चमचा वाजवून बापलेक एकमेकांना काहीबाही सांगत आणि वहिनी दोघांना दटावी.

उन्हाळा आला तसा यंत्राचा त्रास वाढला. कंट्रोल रूमच्या पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं होई, आणि यंत्र रोज मान टाकू लागलं. खरं तर मेमरीची पट्टी बदलायला हवी होती. तिने मॅनेजरला सांगितलं. त्याने मान डोलावली. पुन्हा सांगितलं, त्याने पुन्हा डोलावली. इकडे भोंगा दिवसातून तीनतीनदा कोकलू लागला. प्रत्येक वेळी काम थांबायचं, सगळे धावायचे, आणि निघायचं काही नाही. शेजारच्या खोलीत पाठ टेकणारे हमाल वैतागले. वायू नाही, आग नाही, नुसतीच बोंब. शेवटी मॅनेजरने दादालाच बोलावून झापलं की तुझ्या बहिणीचं खेळणं आवर.

त्या संध्याकाळी हात धुता धुता दादा तिला म्हणाला, की तुझ्या भोंग्याची मुंडी मुरगळली. दोन तारा सोडवून ठेवल्यात, पट्टी बदललीस की जोडून देतो. ती चिडली. अशा गोष्टी परस्पर करायच्या नसतात म्हणाली. तो म्हणाला, दिवे आहेत की. प्रत्येक फेरीला मी बघतो.

तो बघतही होता. म्हणून ती गप्प बसली.

त्याच दिवसांत कंट्रोल रूमच्या छतावरून पाणी ठिबकू लागलं. थंडाव्याचे पाइप वरून जात, त्यांना घाम सुटे आणि थेंब नेमके टेबलावर पडत. कीबोर्डची बटणं अडकायला लागली तेव्हा तिनेच प्लॅस्टिकचं काळं झाकण आणून दिलं आणि वापरून झाला की कीबोर्ड झाकून ठेवत जा, असं सगळ्यांना बजावलं. सांगताना दिव्यांचा विचार तिच्या डोक्यात आला होता. दादा फेरीला झाकण उचलून बघेल, असं तिने मनाशी धरलं. त्याला तसं तोंडाने सांगायचं मात्र राहून गेलं.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला सामान आणायला गेली होती. मेमरीची पट्टी अखेर मंजूर झाली होती. फोन आला तेव्हा ती दुकानातच उभी होती.

काय घडलं ते तिला नंतर लंबूने सांगितलं. लंबू हा ताडमाड उंचीचा हमाल, दादाचा जिगरी. मागची एक खोली दोन दिवस बंद होती, त्यातला माल काढायचा होता. दादा आधी कंट्रोल रूमच्या दारापर्यंत गेला, दारातूनच पडद्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "आकडा बरा आहे, चल." दार त्याने स्वतः उघडलं. आत पाइप फुटून कितीतरी वेळ झाला होता. पांढऱ्या ढगासारखं काहीतरी अंगावर आलं. दादाने मागे वळून लंबूच्या छातीवर हात मारून त्याला बाहेर ढकललं, तेवढंच लंबूला आठवत होतं. लंबूचा एक डोळा त्यात गेला. दादा उंबऱ्याच्या आतच राहिला.

ती पोचली तेव्हा तोंडावर मुखवटे चढवलेल्या माणसांनी त्याला बाहेर आणून अंगणात ठेवलं होतं, वर ताडपत्री घातली होती. ताडपत्री उचलू नका, असं तिला कुणीतरी सांगितलं. तिने उचलली नाही. ती सरळ कंट्रोल रूममध्ये गेली. पडद्यावर त्या खोलीचा आकडा हिरव्या रंगात होता. कोपऱ्यातलं घड्याळ सकाळवर थांबलेलं होतं. तिने कीबोर्डवरचं झाकण उचललं.

दिवे उघडझाप करत होते. लांब, आखूड, आखूड. सकाळपासून ते तसेच करत होते.

तिच्या हातात पट्टीची पिशवी होती. ती तिने टेबलावर ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसली.

पुढे चौकशी लागली. बाहेरून एक अधिकारी आला. मॅनेजरने आधीच सांगून टाकलं होतं की बाईंनी केलेला इशारा चाललाच नाही, आयत्या वेळी दगा दिला. तिच्यापुढे रस्ता सोपा होता. हो म्हणायचं, दोष आपल्यावर घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. घरी वहिनीचीही तीच अपेक्षा होती, बोलून दाखवली नाही इतकंच. मेलेल्या माणसाचं नाव तरी स्वच्छ राहील.

तिने बराच विचार केला. तिचा तो इशारा आता आणखी चार कारखान्यांत बसवलेला होता, तिनेच बसवून दिलेला. चालला नाही असं ठरलं असतं तर तिथून तो काढला गेला असता, आणि तिथल्या पडद्यांपुढेही माणसं होतीच.

तिने अधिकाऱ्याला सांगितलं, "इशारा चालला होता. भोंग्याच्या तारा माझ्या भावाने काढल्या होत्या, लोकांना त्रास होत होता म्हणून, आणि ते मला माहीत होतं. दिव्यांवर झाकण घालायला मी सांगितलं होतं. आणि पट्टी बदला म्हणून मी कधीपासून ओरडत होते."

अधिकारी मान हलवत ऐकत होता, लिहितही होता. अहवाल आला तेव्हा त्यात कॉम्प्रेसरवरच्या कामगाराने सुरक्षेचा भोंगा परस्पर निकामी केल्याचं होतं. झाकणाचा उल्लेख नव्हता. पट्टीचा तर नव्हताच. मेलेला माणूस जाब द्यायला येत नाही, त्यामुळे सगळं त्याच्या माथी मारणं सोयीचं असतं. तिने दोनदा अर्ज करून उरलेलं लिहून घ्या म्हणून सांगितलं. उत्तर आलं नाही.

वहिनीला अहवाल कळला तो शेजारणीकडून. तिने ओट्यावरची भांडी आवरली. मग वळून म्हणाली, "तू सगळं सांगितलंस, मी मानते. पण ते त्यातलं काय ठेवतील, हे तुला ठाऊक नव्हतं?"

हिला ठाऊक नव्हतं असं नाही. कुठेतरी ठाऊक होतंच.

त्यानंतर त्या घरात दोन बायका आणि एक मुलगी राहिली, आणि दोघींमधले शब्द संपले. चहा झाला की कप टेबलावर ठेवलेला असे, पण "घे" म्हणणारं कुणी नसे. डबा भरलेला असे, त्यात भाजी पूर्वीइतकीच असे. पावसाळा सरला तेव्हा तिने दुसरीकडे खोली घेतली. वहिनीने तिला थांबवलं नाही. सामान बांधायला मात्र मदत केली, भांडी एकेक कागदात गुंडाळून दिली.

कारखान्याने तिला काढलं नाही, तीच निघाली. आता ती ठिकठिकाणी जाऊन अशीच यंत्रं सांभाळते. भोंगा ती भिंतीत, जाळीच्या आड बसवते, कुणाच्या हाताला तारा लागणार नाहीत असा. पडद्यावरचं घड्याळ एवढं मोठं करते की ते थांबलं तर दारातून दिसावं. लोक कटकट करतात. एका ठिकाणच्या ऑपरेटरने आवाज कमी करा म्हणून गयावया केली, तिने नाही म्हटलं. कारण विचारलं, तेही सांगितलं नाही. माणसं मागून तिला कजाग म्हणतात आणि ते तिच्या कानावर येतं. असू दे म्हणते.

लंबूला कारखान्याने फाटकावर बसवलं आहे. रस्त्यात भेटला की तो चांगल्या डोळ्याची बाजू तिच्याकडे करून उभा राहतो आणि दादाच्या गमती सांगतो. त्या दिवसाबद्दल तो पुन्हा बोललेला नाही.

भाची आता मोठी झाली आहे, रविवारी एकटी आत्याकडे येते. एकदा तिने विचारलं, बाबांनी दारातूनच का बघितलं, आत जाऊन का नाही? आत्या म्हणाली, आकडा हिरवा होता ना, म्हणून. तो आकडा आत्याच्याच पडद्यावर होता, हे दोघींनाही माहीत होतं.

निघताना चपला घालत भाची म्हणाली, "आई म्हणते, आत्याकडे जात जा. फक्त आल्यावर तिथलं मला काही सांगू नकोस."

"बरं," आत्या म्हणाली, आणि तिला बसपर्यंत सोडायला खाली उतरली.