पुतळ्याच्या ट्राउझर्सचा प्रश्न

त्या दिवशी मी शिडीवर उभी राहून सहा फूट आठ इंचांच्या डॉक्टर सामंतांच्या पाठीला टाचण्या लावत होते, आणि पाच फूट चार इंचांचे डॉक्टर सामंत खाली खुर्चीत बसून चहा पीत होते.

“वैशाली, उजवा खांदा उतरलाय,” ते खालून म्हणाले.

“तो तुमचाच उतरलाय, डॉक्टर. मी फक्त सव्वापट केलाय.”

वरचे डॉक्टर लोखंडी सांगाड्याचे आणि फोमचे होते. त्यांचा ब्राँझचा पुतळा व्हायचा होता. मेडनहेडच्या पलीकडे एका लहान गावात डॉक्टरांनी चाळीस वर्षं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून काम केलं. रिटायर झाले तेव्हा पेशंट लोकांनी ठरवलं की घड्याळ नको, बाक नको, सर्जरीच्या दारात डॉक्टरांचा पुतळाच उभा करायचा. इथे सर्जरी म्हणजे दवाखाना. पुतळा करणारी फियोना म्हणाली, मातीत नुसता मनाने सूट काढला तर तो खोटा दिसतो. मोठ्या अंगावर कापड वेगळं पडतं, घड्या वेगळ्या येतात. तेव्हा आधी पुतळ्याच्या मापाचा खरा सूट शिवायचा, सांगाड्याला घालायचा, त्यावर बघून मातीकाम करायचं, आणि मग मातीवरून साचा. म्हणून मी शिडीवर.

माझं लंडनजवळ पिनरला ऑल्टरेशन्सचं, म्हणजे कपडे मापात आणून द्यायचं, दुकान आहे. तीस वर्षं झाली. ज्या पुरुषांचं पोट वाढलंय पण ज्यांना ते मान्य नाही, अशांच्या जिवावर ते चालतं. ‘ड्रायक्लीनरने सूट आटवला’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते. डॉक्टर त्यातले नव्हते. दर पाच-सहा वर्षांनी यायचे, करड्या कापडाचा सूट शिवायला टाकायचे आणि म्हणायचे, “मागच्यासारखाच.” दोन बटणं, मध्यम लॅपेल, बुटावर टेकणारी सरळ ट्राउझर. लॅपेल म्हणजे कोटाच्या कॉलरखाली छातीवर उलटलेली पट्टी. फॅशन बदलली की सगळ्यात आधी ही पट्टी रुंद नाहीतर अरुंद होते. डॉक्टरांची कधी झाली नाही.

एकदा मी विचारलं होतं, कंटाळा नाही येत? ते म्हणाले, “पेशंट घाबरून आलेला असतो. त्याने माझ्या कपड्यांकडे बघितलं तर तेवढा वेळ तो दुखणं सांगायचं विसरतो.”

पुतळ्याबाबतही त्यांची तीच अट होती. “दारात उभा करताय, करा. पण माझं हसू होता कामा नये. आत येणाऱ्या माणसाला आधीच धाकधूक असते. दारातच डॉक्टरचं सोंग दिसलं तर तो आत येऊन काय सांगणार?” मी त्यांना शब्द दिला. कापड माझ्या हातात होतं, त्यामुळे शब्द देणं सोपं वाटलं.

शैलाताईंना, म्हणजे त्यांच्या मिसेसना, मुळात पुतळाच नको होता. “जिवंत माणसाचा पुतळा? पुतळा म्हटला की हार आला, हार आला की पुण्यतिथी आली,” असं म्हणून त्या फियोनाच्या स्टुडिओकडे फिरकल्या नाहीत. पण खरी अडचण त्यांची नव्हती. खरी अडचण निनाद होता.

निनाद हा डॉक्टरांचा मुलगा. इथेच जन्मला, लंडनला ब्रँड कन्सल्टंट आहे. कंपन्यांना त्या कशा दिसतात ते सांगतो आणि कंपन्या त्याचे आभार मानतात.

“वैशाली मावशी, बाबाची सूट खूप डेटेड आहे,” तो म्हणाला. “पीपल हॅव टु रिलेट. स्लिम फिट पाहिजे. ट्राउझर्स क्रॉप्ड, अँकल दिसला पाहिजे. नो सॉक्स.”

“ब्राँझमध्ये घोटे?”

“एक्झॅक्टली.”

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “निनाद, मी तिथे जानेवारीतसुद्धा उभा असणार आहे. मला मोजे हवेत.”

बाप-लेकात निकाल लागेना, तेव्हा प्रश्न कमिटीकडे गेला. पुतळा कमिटीत सात जण. अध्यक्ष मार्गरेट, निवृत्त हेडटीचर. मीटिंग सर्जरीच्या वेटिंग रूममध्ये, फ्लूच्या लशीच्या पोस्टरखाली. मी दोन जॅकेटं घेऊन गेले होते, एक रुंद लॅपेलचं, एक अरुंद. लॅपेल बाजूलाच राहिलं. ब्रायन नावाच्या गृहस्थांनी खालच्या बटणाचा मुद्दा काढला.

सूटच्या कोटाचं खालचं बटण लावायचं नसतं, हा जुना दंडक आहे. कारण साधं, बसताना कोट ताणत नाही. ब्रायन म्हणाले, “पण पुतळा बसणारच नाही. मग बटण उघडं कशासाठी?”

यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. एक बाई म्हणाल्या, उघडं बटण म्हणजे डॉक्टर आत्ताच बसून उठलेत असं वाटेल, ते आपुलकीचं आहे. दुसऱ्या म्हणाल्या, अपॉइंटमेंटला तीन आठवडे लागतात आणि डॉक्टर बसले होते असं दिसलं तर चुकीचा मेसेज जाईल. मार्गरेटने मतदान घेतलं. चार विरुद्ध तीन, बटण उघडं. ब्रायनने आपला विरोध मिनिट्समध्ये नोंदवायला लावला.

शेवटी ठराव झाला: सूट ‘टाइमलेस, पण आजच्या काळाचा’ असावा.

मी म्हटलं, “मॅडम, यातलं कुठलं शिवू?”

“दोन्ही,” मार्गरेट म्हणाली. शाळेत ती कशी असेल ते मला कळलं.

निनादने सुचवलं की पेशंटनाच विचारू, एंगेजमेंट वाढेल. सर्व्हेचे फॉर्म निघाले. चित्र अ डॉक्टरांचा नेहमीचा सूट, चित्र ब निनादचा, आवडेल त्यावर खूण करा. मला आशा होती. या लोकांनी चाळीस वर्षं तो सूट पाहिला होता. ढीगभर फॉर्म परत आले. बहुतेकांनी खूण केलीच नव्हती. खालच्या मोकळ्या जागेत कार पार्कबद्दल लिहिलं होतं. एका आजोबांनी लिहिलं, ‘डॉक्टर सूट घालायचे का? मला आठवत नाही. हात गरम असायचे.’

तो फॉर्म मी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. “बघ,” म्हणाले, “हेच मी सांगत होतो.” कमिटीने मात्र तो अवैध मतांत टाकला.

मग नेहमीचं झालं. तडजोड. कोट डॉक्टरांच्या पसंतीचा, ट्राउझर निनादच्या. मी धंदेवाईक बाई, ऑर्डर आली तशी शिवली. सव्वापट कोट करडा, भारदस्त. खाली सव्वापट ट्राउझर, मांडीला घट्ट, घोट्यापाशी संपलेली. सांगाड्याला चढवली, शिडीवरून उतरले, चार पावलं मागे गेले आणि वर बघितलं. मी सहा फूट आठ इंचांचा बगळा उभा केला होता.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

“वरून मी आहे,” ते म्हणाले, “आणि खालून निनाद.”

फियोना हसली. मला हसू आलं नाही. डॉक्टरांचा चेहरा पडला होता. ते उठले, कोटाच्या बाहीवरून एकदा हात फिरवला. “काम सुंदर आहे, वैशाली. पण मग पुतळा नको. सगळ्यांना माझे आभार सांग. मी घरी पत्र लिहितो.”

मला फार वाईट वाटलं. ज्याने जन्मभर कपड्यांचं प्रदर्शन केलं नाही, त्याला मी शब्द देऊन दारात सोंग म्हणून उभा करायला निघाले होते. वर तीन आठवड्यांवर फाउंड्रीची, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याची, तारीख होती. ती गेली असती तर पुढची वर्षभराने. फियोनाने माती ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवली होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की जणू पुरुषांची फॅशन मीच काढली. मी डॉक्टरांना म्हटलं, पत्राला आठ दिवस थांबा. त्या आठ दिवसांत काय करणार होते, ते मलाही माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी गॅरेथचा फोन आला. गॅरेथ हा स्ट्रक्चरल इंजिनिअर. पुतळा पडून कोणाला लागू नये म्हणून कौन्सिलने नेमलेला.

“तुम्ही ट्राउझर्सच्या इनचार्ज का?” त्याने विचारलं.

“हो.”

“घोटे चालणार नाहीत.”

माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात इतकं स्वच्छ मत कोणी दिलं नव्हतं. मी कारण विचारलं. तो म्हणाला, उभ्या पुतळ्याचा सगळा भार घोट्यांवर येतो. आतून स्टीलचा जाड रॉड पायांतून खाली चौथऱ्यात जाणार. एवढ्या बारीक घोट्यात रॉड मावत नाही. वर वाऱ्याचा जोर धरायचा, आणि न्यू इयर्स ईव्हला दोन्ही हातांना एकेक मोठा माणूस लटकेल असंही धरायचं.

“दोन्ही हातांना?”

“एकालाच लटकला तर आणखी वाईट,” गॅरेथ म्हणाला. त्याने दोन पर्याय दिले. एक, ट्राउझरचा बॉटम, म्हणजे पायाच्या टोकाची रुंदी, निदान अकरा इंच. दोन, जुन्या संगमरवरी पुतळ्यांना असतं तसं पायांमागे झाडाचं खोड.

कमिटीची तातडीची मीटिंग भरली. माझी समजूत होती की खोड कोणी मनावर घेणार नाही. सगळ्यांनी घेतलं. मार्गरेट म्हणाली, सफरचंदाचं खोड करू, अगदी इंग्लिश वाटेल. ब्रायन म्हणाले, रोज एक सफरचंद खाल्लं तर डॉक्टर लागत नाही असं म्हणतात, मग ते डॉक्टरच्याच मागे का? मार्गरेट म्हणाली, मग ओक. ओकला ब्रायनचा विरोध नव्हता, पण एका बाईंना शंका आली की पुतळ्यामागे खोड बघून कुत्री काय समजतील. एवढा वेळ निनाद फोनमध्ये डोकं घालून बसला होता. तो एकदम वर बघून म्हणाला, “वेट. वाइड लेग इज बॅक. या सीझनला सगळीकडे वाइड लेग आहे. वैशाली मावशी, मी हेच सांगत होतो ना, करंट पाहिजे?”

तो हे सांगत नव्हता. पण मी म्हटलं, “हो बाळा, तू हेच सांगत होतास.”

घरी येऊन मापाची वही काढली. डॉक्टरांच्या करड्या ट्राउझरचा बॉटम पहिल्या सूटपासून नऊ इंच. सव्वापट केला की सव्वाअकरा. मी दोनदा गुणाकार केला. मग तिघांना तीन वेगवेगळे फोन केले. गॅरेथला सांगितलं, तुझ्या मापापेक्षा पाव इंच जास्तच देते. निनादला सांगितलं, वाइड लेग, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. डॉक्टरांना सांगितलं, “मागच्यासारखाच.”

त्यांनी विचारलं, “निनादने ऐकलं?”

“ऐकलं. कसं, ते विचारू नका.”

ट्राउझर मी चार दिवसांत नवीन शिवली. घडी बुटावर जिथे पडायची तिथेच पडली. फियोनाने माती उघडली, तारीख गाठली, पुतळा ओतला.

अनावरणाला अर्धं गाव आलं. निनाद नव्या रुंद ट्राउझर्समध्ये आला होता, त्या जमिनीवरून लोळत होत्या. शैलाताई आल्या, पण येताना कोणाच्या हातात हार नाही याची त्यांनी गेटपाशी खात्री करून घेतली. मी आणि डॉक्टर मागे उभे होतो. चादर ओढायच्या वेळी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

चादर खाली आली. कोणी हसलं नाही. टाळ्या वाजल्या. लोक जवळ जाऊन चेहरा बघू लागले, कपाळावरच्या आठ्या अगदी तशाच आल्यात असं एकमेकांना सांगू लागले. मी कान देऊन उभी होते. लॅपेलबद्दल कोणी बोलेना. बटणाबद्दलही नाही. सात महिने, एक सर्व्हे, एक इंजिनिअर, दोन ट्राउझर्स, आणि सूटकडे एक माणूस बघायला तयार नाही. खरं सांगायचं तर मला जरा राग आला.

गर्दी पांगल्यावर एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत पुढे आल्या. पुतळ्यासमोर थांबल्या, मान वर केली आणि हळू आवाजात म्हणाल्या, “डॉक्टर, गुडघा पुन्हा सुरू झालाय. जिने चढवत नाहीत.”

माझ्या शेजारून डॉक्टर सामंतांनी सवयीने विचारलं, “किती दिवस झाले?”

बाई मागे वळल्या नाहीत. “दोन आठवडे,” त्यांनी पुतळ्याला सांगितलं. आणि रात्री जास्त दुखतं का, सूज आहे का, हे सगळं खालच्या डॉक्टरांनी विचारलं आणि बाईंनी वरच्याला सांगितलं. शेवटी पुतळ्याला थँक यू म्हणून त्या गेल्या. डॉक्टरांनी माझं मनगट तेव्हा सोडलं.

आता कोणी नवरदेव फोनवरचे फोटो घेऊन आला आणि ‘लेटेस्ट पाहिजे, पण टाइमलेस’ म्हणाला, तर मी वाद घालत नाही. एवढंच विचारते, यात तुला उभं राहायचंय की बसायचंय? बहुतेकांना जेवायचं असतं. मी कंबर अर्धा इंच ढिली धरते.