जातं ऐकून जेवणारा पाहुणा

मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, जिवाभावाचे मित्र अत्तराचे व्यापारी होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. हजला निघताना चाचांनी बायकोला तिच्या भावाकडे ठेवलं आणि पोपटाला आमच्याकडे. आता म्हणे त्या जातीला कॉकाटील म्हणतात. तेव्हा वाशिमात तो नुसता तुरेवाला होता, कारण दुसरा कुणी नव्हताच. कलकत्त्याहून आणलेला. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा आणि दोन्ही गालांवर कुणी अंगठ्यानं शेंदूर लावल्यासारखे ठिपके. वरातीतला नवरदेव चुकून पिंजऱ्यात शिरावा, तसा दिसायचा.

"जान है मेरी," चाचा मामाजींना म्हणाले. "वापस आऊंगा तो पहले इसको देखूंगा, फिर तुमको."

"माह्या जिवापेक्षा जपतो," मामाजींनी शब्द दिला.

चाचा गेले आणि तुरेवाल्यानं जेवण सोडलं. वाटीतले राळ्याचे बारीक दाणे तसेच. रुसलेल्या जावयासारखा भिंतीकडे तोंड करून बसला. मग मामाजींना आठवलं, चाचा दाणे ठेवताना शीळ घालायचे आणि ती ऐकल्याशिवाय हा चोच उघडत नसे. मामाजींनी पिंजऱ्यापुढे बैठक मारली, ओठांचा चंबू केला आणि फुंकर घातली. पुढचे दात केव्हाच गेलेले. शीळ निघाली नाही, राळ्यांची टरफलं तेवढी उडून त्यांच्याच मिशीत बसली. माझे मालक कापसाच्या जिनातून आल्यावर त्यांनीही तोंड वाजवून पाहिलं, तर पाखरू दांडीच्या पार त्या टोकाला सरकलं.

"हे मेलं तं त्याले काय तोंड दाखवू?" म्हणत मामाजीही जेवेनात. आता घरात दोघं उपाशी.

शीळ घालणारं माणूस खरं तर घरातच होतं. मी. माहेरी, इंझोरीला, ज्वारी भरात आली की माचणावर उभी राहून पाखरं मीच हाकलायची. माझ्या एका शिळेनं अख्खा थवा उठायचा. पण बाईमाणसानं शीळ घालायची म्हणजे भर बाजारात नाचायचंच बाकी. त्यातून मी नवी सून. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. माझ्या पायातलं जोडवं वाजलं तरी त्या मान वर करून बघायच्या.

एका दुपारी त्या शेजारी गेल्या. मी पिंजऱ्यापुढे बसले, तोंडावर पदर घेतला आणि हळूच घातली. तुरा ताडकन उभा. पुन्हा घातली, तो वाटीवर उतरला. आणखी एकदा घालावी म्हणून तोंड वर केलं, तर दारात आत्याबाई.

"कोन टवाळ शीळ घालून राह्यला म्हून पाहाले आली," त्या म्हणाल्या. "तं घरातलाच निंगाला."

तुरेवाला कटकट दाणे फोडत होता. आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग ओसरीवर कपाळाला हात लावून बसलेल्या मामाजींकडे.

"घाल," त्या म्हणाल्या.

"लोक आयकतीन ना, आत्याबाई."

"लोकाईच्या कानाचं मी पाहीन."

त्यांनी दार लोटलं, जात्यापुढे बसकण मारली, मूठभर ज्वारी टाकली आणि खुंटा धरून अशा चढ्या आवाजात ओवी सुरू केली की छपरावरची कबुतरं उडाली. मग हे रोजचंच झालं. त्या दळायच्या, मी शीळ घालायची, तो जेवायचा. मामाजींनाही भूक लागू लागली, आणि ते बरंच झालं, कारण घरात पीठ ठेवायला डबा उरला नव्हता.

दळण पहाटेचं. भर दुपारी आमचं जातं घरघरायला लागलं तशी गल्ली विचारात पडली.

"लगन हाय का वं घरात?" शेजारणीनं विचारलं.

"नाई वं. सून लई खाते," आत्याबाई म्हणाल्या. पापणीही हलली नाही.

चाचा परतले ते थेट पिंजऱ्याकडे. तुरेवाला चांगला गुबगुबीत झाला होता. त्यानं तुरा उभारून शीळ घातली ती माझी, इंझोरीच्या माचणावरची. आणि तिला जोडून आत्याबाईंच्या ओवीची चाल, अगदी हेलासकट.

चाचांनी डोळे पुसले आणि विचारलं, "ये किसने सिखाया?"

"मीनं," मामाजी म्हणाले.

"जरा हमको भी सुनाओ."

मामाजींनी चंबू केला, छाती भरून घेतली आणि सोडली. चाचांची दाढी हलली.

"हवा अच्छी है," चाचा गंभीरपणे म्हणाले.

पिंजरा गेला. दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी, चाचा तोच पिंजरा बगलेत घेऊन पुन्हा दारात. चेहरा उतरलेला.

"भाभी, सीटी बजा बजा के होंठ छिल गए. कुछ खाता ही नहीं. तुम्हारे घर में क्या था ऐसा?"

मामाजी स्वतःच्या जोड्यांकडे पाहू लागले.

"राळे आनले का?" आत्याबाईंनी विचारलं.

"लाया."

"मंग त्याले द्या इकडे. तुमी दोघं ओसरीवर बसा."

दार लागलं. पिंजरा नेहमीच्या जागी टांगला गेला. आत्याबाई जात्यापुढे बसल्या, मूठभर ज्वारी टाकली, पण खुंटा हातात धरून थांबल्या.

"सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "आज थोडी जोरात घाल. ह्या घरघरीत मले कधी धड आयकूच आली नाई."