कानानं लावायचं टायमिंग

जुन्या पेट्रोल जीपचं टायमिंग बाबा नुसत्या कानानं लावायचे आणि त्याचा त्यांना भारी माज होता. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन ठोके मारतं, उशिरा पडली की मरगळतं. म्हणून चालत्या इंजिनात ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा आणि आवाज जुळला की नट कसायचा. सिंदीतलं आमचं कापडाचं दुकान सुट्टीला बंद असलं की दादाची परीक्षा व्हायची. डोळ्यांवर दुपट्टा, हात मागं. बाबा डिस्ट्रिब्युटर फिरवून विचारायचे, "आता?" चुकला की थप्पड. "मारल्याबिगर कान उघडत नाई," असं वर म्हणायचे. मी पायरीवर बसून बघायची. मुलगी असण्याचा आमच्या घरात तेवढा एकच फायदा होता.

आता कानाशी ओरडल्याशिवाय बाबांना ऐकू येत नाही. हे त्यांना सोडून सगळ्या गल्लीला माहीत आहे. यंदा दादानं जीप विकायला काढली, तर बाबा अडून बसले. "मले टायमिंग लावता येते तवरिक जीप माही!"

दादा हसला. मला ते हसणं तेव्हाच आवडलं नाही.

आर्वीहून गिऱ्हाईक आलं त्या दिवशी दादानं अंगणात जीप सुरू केली आणि गळ्यातला दुपट्टा काढून बाबांच्या डोळ्यांवर बांधला. त्यांनी हात आपणहून मागं घेतले. नियम त्यांचाच होता.

दादानं डिस्ट्रिब्युटर फिरवला आणि बाबांच्या कानाशी ओरडला, "आता?"

"थोडी मागं घे."

दादानं सरळ चावी फिरवून इंजिन बंद केलं. अंगण चिडीचूप झालं. तो पुन्हा ओरडला, "आता?"

बाबांनी मान तिरपी करून नीट ऐकलं. "हं! आता कशी गोड चालून राह्यली. कस नट."

गिऱ्हाईक फिसकन हसलं. दादानं दुपट्टा सोडला. बाबांना इंजिनाचा थांबलेला पंखा दिसला. त्यांनी दादापुढे गाल केला.

"चुकलो न मी. मार."

"दादा, पुरे कर आता," मी म्हटलं.

दादानं चावी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली. "तुमचे कान आता मारूनबी उघडत नाई, बाबा."

हे तो हळू म्हणाला असता तरी चाललं असतं. पण बाबांना ऐकू जावं म्हणून तो त्यांच्या कानाशी वाकून ओरडला.