नेनेंच्या राखीव जागा

चार मराठी टाळकी जमली, चहा झाला, की कुणीतरी म्हणतंच, "अरे, नेनेंचा तो किस्सा सांग ना!" मी हे किस्से मुद्दाम जमवले नाहीत. नेनेंबरोबर फिरता फिरता ते आपोआप साठले. आम्ही दोघं सिंगापुरात क्वीन्सटाउनच्या एकाच ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचो.

*

त्यांची लेक सायली पासिर रिसच्या एका कॉलेजात होती. तिथे मुलींची फुटबॉल टीम कधी झालीच नव्हती, कारण कोच मिळेना. नेने स्वतःच जाऊन उभे राहिले. स्पोर्ट्स ऑफिसर मिस्टर लिम यांनी अनुभव विचारला.

"पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये तीन वर्षं राखीव होतो. एकही मॅच खेळलो नाही. पण बेंचवरून माझ्याइतक्या मॅचेस कुणी बघितल्या नसतील!"

लिम हसले. "ओके. वन सीझन. वन गोल. नो गोल, ग्राउंड गोज टू आर्चरी."

असे नेने तिथले पहिले कोच झाले आणि पाण्याच्या बाटल्या उचलायला मी असिस्टंट!

*

टेस्टरची सवय कुठे जाते! पहिल्या प्रॅक्टिसनंतर नेनेंनी प्रत्येक मुलीला मेल टाकली. मेई लिंगला आलं: "बग: डावा पाय वापरात नाही. प्रायॉरिटी: हाय."

पुढच्या शनिवारी तिने डाव्या पायाने असा बॉल मारला की माझ्या सगळ्या बाटल्या आडव्या! ती इथल्या ढंगात 'लाह' जोडून ओरडली, "कोच, बग क्लोज्ड, लाह!"

"री-ओपन!" नेने म्हणाले.

*

पहिल्या मॅचला अकराही जणी बॉलमागे. गोलकीपरसुद्धा! शून्य-सात.

नंतर नेने सगळ्यांना हॉकर सेंटरला जेवायला घेऊन गेले. मुलींनी टेबलांवर टिश्यूची पाकिटं ठेवली आणि रांगेत गेल्या. इथे पाकीट ठेवलं की जागा 'चोप' झाली, म्हणजे अडवली. मालक येईपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. नेने जेवण सोडून त्या पाकिटांकडेच बघत बसले.

शनिवारी मैदानावर अकरा पाकिटं, प्रत्येकावर एकेक नाव! "ही तुझी जागा. चोप केलीय. सोडून पळायचं नाही!"

पुढची मॅच शून्य-दोन. नेनेंनी आनंदाने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

*

शेवटची मॅच. सीझनमध्ये अजून एकही गोल नाही. पाच मिनिटं उरलेली, शून्य-शून्य! बॉल मेई लिंगच्या डाव्या पायाशी, समोर फक्त गोलकीपर... आणि वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजला. तो वाजला की मैदान सोडायचं, तिथे वाद नाही. मॅच रद्द.

छपराखाली मुली रडत होत्या. नेने चष्मा पुसत म्हणाले, "हरलो कुठे? गोल पेंडिंग आहे!" पण परतताना मेट्रोत त्यांनी तोच चष्मा पुन्हा तीनदा पुसला. मलाही फार वाईट वाटलं.

*

पुढच्या शनिवारपासून मैदान आर्चरीवाल्यांचं. सायलीने बाबांना सकाळीच ओढत नेलं. मी बाटल्या परत करायला म्हणून गेलो.

मैदानावर अकरा टिश्यूची पाकिटं, आपापल्या जागी. बारावं बेंचवर, त्यावर लिहिलेलं 'कोच'. आर्चरीवाले निशाणाचे बोर्ड घेऊन कडेला खोळंबलेले आणि मधोमध लिम, कमरेवर हात ठेवून.

ते एका पाकिटापाशी वाकले. हात पुढे केला, मागे घेतला. पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे.

शेवटी आर्चरीवाल्यांकडे वळून म्हणाले, "चोप ऑलरेडी, लाह! हाऊ टू टेक?"