"आत्ताच पोचले!"

आता काय सांगू तुम्हाला, लोकांची लग्नं पत्रिकेवरून मोडतात, माझं व्याकरणावरून मोडायला आलं होतं! चहा घ्या, सांगतो.

मी दशावतारात स्त्रीपार्टी करतो. राजा कुठलाही असो, लुगडं नेसून त्याची राणी मीच. आणि आमची रीत अशी, की घरात मालवणी आणि नाटकात शुद्ध मराठी.

जामसंड्याला मुलगी बघायला गेलो. फोटोतच इतकी आवडली होती, की ही नाही तर कोणीच नाही असं ठरवून बसलेलो. एसटीतून उतरताना मामा म्हणाला, "थंय मालवणी नको. तिचो बापूस कोल्हापुरात नोकरीक होतो. शुद्ध बोल."

मला काय कठीण? शुद्ध बोलण्यावर टाळ्या घेणारा माणूस मी!

"कधी आलात?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"आत्ताच पोचले."

"कोण पोचले?" ते दारात जाऊन रस्ता बघून आले. मागून कोणी वडीलधारे येतायत असं समजून त्यांनी पोह्यांच्या आणखी दोन बशा सांगितल्या.

"प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"जरा दमले."

"अहो, मग त्यांना आत बोलवा की! बाहेर का ठेवलंत?"

मामाने माझ्या पायावर पाय दिला, तेव्हा कुठे उजेड पडला. राणी बोलत होती! शुद्ध मराठी मी जन्मात कधी पुरुष म्हणून बोललोच नव्हतो हो!

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. तिला डोळे भरून बघायचं होतं. पण सवय मेली! मान आपोआप खाली, आणि हात गेला पदर सावरायला. शर्टाला कुठला पदर?

"मुलगी पसंत आहे का?" वडिलांनी सरळच विचारलं. मी असा घाबरलो, की तोंडातून नेहमीचं वाक्य सुटलं.

"स्वामी, मी धन्य झाले."

मामाने कपाळाला हात लावला. संपलं, म्हटलं. आता आल्या एसटीने परत.

मुलीने ट्रे खाली ठेवला. हसू दाबत वडिलांना म्हणाली, "बाबा, ह्ये माका पसंत आसत. घरात एक तरी लाजणारा माणूस होया. माका काय लाजूक येणा नाय."

झालं लग्न! मग बायकोने रोज समोर बसवून शिकवणी घेतली. आलो, गेलो, जेवलो, दमलो. आज तुमच्याशी एवढा बोललो, एकदा तरी घसरलो का?

छे! तिची शपथ, मी आता पक्की सुधारले.