अखाजीचा मुराळी

“चाल बेटी, तुनी माय वाट दखी ऱ्हायनी!” डब्याच्या दारातून अर्धे बाहेर येत आमच्या गल्लीतले काका असं ओरडायचे, की जिला न्यायला कुणी आलेलं नसे तीही गठुडं उचलून उभी राहायची.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकीला माहेरी आणायला जातो तो मुराळी. सुरतेच्या डिंडोलीतल्या आम्हा खानदेशी कारागिरांना कापडाच्या लूमवरून सुटी मिळेल तर शपथ! त्यामुळे सगळ्या गल्लीचे मुराळी हेच. तापीकाठच्या लाइनवरची पॅसेंजर बारक्या स्टेशनांनाही थांबायची. ठरल्या दिवशी गावोगावच्या लेकी फलाटावर उभ्या राहत, हे एकेकीला वर ओढून घेत. टीसीने विचारलं, “इतक्या मुली तुमच्या?” की छाती फुगवून म्हणत, “मन्याच शेतस!”

याच लाइनने आमचे आजे सुरतेत आले. पुढे लाइन दुहेरी झाली, गाड्या पळू लागल्या आणि बारक्या स्टेशनांचे थांबे एकेक करून बंद होत गेले. यांना सांगितलं तर हसायचे. “लेकी उभ्या ऱ्हातीस, नि गाडी थांबाव नही?”

एका वर्षी अखाजीला आई अंथरुणाला खिळली होती. ताईला एकदा डोळे भरून पाहायचं, एवढंच तिचं मागणं. ताईच्या स्टेशनावरून गाडी सरळ निघून गेली. फलाटावर ताई, हातात पिशवी. दारात हे, हात पुढे केलेला.

बाकीच्या लेकींना पुढे धाडून ते नंदुरबारला उतरले, मिळेल त्या जीपने मागे फिरले. तोवर ताईच्या सासरचे बिथरले होते. “आमच्या सुनेला गावासमोर ताटकळत ठेवलंत!” त्यांनी पाठवायला नकार दिला. हे त्यांच्या ओट्यावरून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन आले, तेव्हा आईला स्मशानात पोचवून आम्ही परतत होतो.

ते दारातूनच परत फिरले. पुन्हा कुणाला आणायला निघाले नाहीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला मुलाकडे राहायला गेले. मीही कधी भेटलो नाही. खोटं कशाला बोलू, राग होता.

गेल्या महिन्यात ते वारले. तिसऱ्या दिवशी कोसाडला गेलो, तर दारात बायकाच बायका. नवापूर, दोंडाईचा, शिंदखेडा; कुणी न्यायला गेलेलं नसताना आपापल्या आल्या होत्या. ताई नव्हती. मी तिला कळवलंच नव्हतं. तिलाही राग असणार, हे मीच ठरवून टाकलं होतं.

दहाव्यानंतर फोन केला. ताई म्हणाली, “मना मुराळी गया, भाऊ, नि माले तू सांगं नही?”