घरच्या माणसांचे हात

धनश्रीचं काम एका वाक्यात सांगता येतं: दवाखान्यातल्या लोकांना हात धुवायला लावणं. तेवढ्यासाठी तिला पगार मिळतो आणि तेवढ्यापायीच तिच्या तोंडाला फेस येतो. लिंबायतकडच्या एका खासगी दवाखान्यात ती इन्फेक्शनवर नजर ठेवणारी सिस्टर आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय अवघड. त्याने एक दिवस तिच्या मागे फिरून दाखवावं.

तिथे हात कुणी धूत नाही असं मुळीच नाही. कोपरापर्यंत साबण लावून धुतात, पण ड्यूटी संपल्यावर, घरी जाताना. पेशंटचं काही आपल्या पोरांना लागू नये म्हणून. आपलं काही पेशंटला लागेल, हे कुणाच्या मनातच येत नाही. सकाळी हातमोजे चढले की त्यांनीच सलाइन लावायचं, त्यांनीच दाराची कडी, त्यांनीच मोबाइल. धनश्री ओरडली की सगळे गोड हसून "सॉरी, बेन" म्हणतात आणि तिची पाठ फिरली की ये रे माझ्या मागल्या. माणसं वाईट असती तर धनश्री भांडून मोकळी झाली असती. ही माणसं प्रेमळ, हीच पंचाईत.

त्यात तिच्या भावाला, लखनला, मुलगा झाला आणि तोही सातव्या महिन्यात. वर्षावहिनीची आधीची दोन बाळं हाती लागली नव्हती. हे तिसरं याच दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "वजन वाढेल, श्वासही सुधारेल. फक्त इन्फेक्शन होता कामा नये."

आणि तिथेच घोळ सुरू झाला. बाकीच्या पेट्यांकडे कामाशिवाय कुणी फिरकत नसे, पण हा धनश्रीबेनचा भाचा. खालच्या मजल्यावरचा वॉर्डबॉय जेवता जेवता उठून बघायला आला. एक्स-रे काढणारी मुलगी पेटीच्या खिडकीतून बोट घालून गाल चाचपून गेली. हात धुतले का विचारावं तर उत्तर ठरलेलं: "बेन, अपना ही तो बच्चा है." धनश्रीला वाटे, याला परक्याचा म्हणून दाखल केलं असतं तर बरं झालं असतं.

एका दुपारी ती हात धुण्यावरचीच मीटिंग संपवून वर आली, तर बाळांच्या खोलीत तिची आई, पुष्पाबाई, उभी. पेटीची खिडकी उघडी आणि पुष्पाबाईंच्या बोटावर मध. शेजारी सखुबाई आया त्यांची पिशवी सांभाळत होती. आदल्याच दिवशी याच सखुबाईने नवागामच्या एका आजीला दारातून परत पाठवलं होतं.

"यांना आत कुणी सोडलं?" धनश्रीने विचारलं.

"ताई, तुमनी माय शे. त्यासले कसं अडाऊ मी?"

धनश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनेच केलेला नियम तिच्याच मानापायी मोडला होता. "माय, बाहेर चाल," ती म्हणाली.

"बोटभर मध शे. तुलेबी चाटाडेल व्हतं. मरी गयी का तू?"

धनश्रीने आईचं मनगट धरलं आणि पेटीतल्या बाळाकडे बोट दाखवलं. "हाऊ मरी जाई, माय," ती म्हणाली.

दोन बाळं गमावलेल्या घरात जो शब्द कुणी उच्चारत नव्हतं, तो ती सगळ्यांसमोर बोलून गेली. पुष्पाबाईंनी मनगट सोडवून घेतलं आणि त्या अनवाणीच जिना उतरल्या. त्यांच्या चपला घेऊन सखुबाई मागे धावली.

बाळाला ताप आला नाही. पण आईला बाहेर काढल्याची बातमी पार दवाखान्याच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली. एवढी पोस्टरं लावून, एवढ्या मीटिंगा घेऊन जे झालं नव्हतं, ते आता झालं. जिने सख्ख्या आईला सोडलं नाही ती आपल्याला काय सोडणार, म्हणून लोक पेटीजवळ जाण्याआधी हात धुऊ लागले. धनश्रीला याचाही संताप आला. जंतूंना नाही, तिला घाबरून धूत होते. शिवाय पाठीमागे तिला दगडाच्या काळजाची म्हणत होते, तेही तिच्या कानावर आलंच.

पुष्पाबाईंनी अबोला धरला. वर्षावहिनीसाठी लखनबरोबर डबा यायचा, तेव्हा लेकीची चौकशीसुद्धा नसायची. हे मात्र धनश्रीला फार लागलं.

अखेर बाळ वजन धरून गोडादऱ्याला लखनच्या घरी गेलं. ड्यूटी संपताच धनश्री रिक्षाने तिकडे पोचली. दारात पुष्पाबाई उभ्या होत्या, बाळ खांद्यावर. उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली आणि साबणाची नवी वडी.

"पहिले हात धोई ले," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांनी बोलल्या त्या एवढंच.

"मी धोईसन उनी, माय."

"रिक्षामा बठीसन उनी ना? धोई ले."

धनश्रीने धुतले. बोटांच्या मधे, नखांखाली, अंगठ्याभोवती, जसे ती सगळ्यांना शिकवते तसे. मग पुढे होऊन तिने बाळासाठी हात पसरले. पुष्पाबाई मागे सरकल्या.

"ओढणीले पुसात ना? दिवसभर दवाखानामा फिरनी ती ओढणी. परत धोई ले."

धनश्रीने ओढणीकडे बघितलं. ती चिडली, मनापासून चिडली. मी काय परकी आहे का, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि खाली वाकून पुन्हा साबण उचलला.